पांढरा रंग कागदाचाच

शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा आपल्यापैकी बऱ्याच जणांनी दिल्या असतील. मीही दिल्या. पुढे इंजिनिअरिंग, डॉक्टरेट आणि इथली सॉफ्टवेअरची नोकरी यांत रंगपेटी कुठे गेली ते कळलंच नाही. गेल्या वर्षी साताऱ्याचा आमचा वाडा पाडला. फोटो पुष्कळ आहेत, पण ओसरीवर दुपारी चारला पडणारा उन्हाचा पट्टा एकाही फोटोत धड आलेला नाही. तो आपणच काढायचा, या हट्टापायी चाळिशी उलटल्यावर पुन्हा ब्रश हातात घेतला.

पोस्टर कलर कागद झाकून टाकतो. जलरंगाचं गणित उलटं आहे. डिंकात कालवलेले रंगाचे कण पाण्यानं इतके विरळ होतात, की उजेड त्या थरातून पार खाली जातो, कागदावर आपटतो आणि रंग घेऊन परत येतो. म्हणजे चित्रातला उजेड हा कागदाचाच. पांढरा रंग लावायचा नसतो, राखायचा असतो. आधी फिकट, मग गडद. उन्हाचा पट्टा कुठे सोडायचा हे पहिल्या फटकाऱ्याआधीच ठरवावं लागतं. (टॅबलेटवर काढा, तिथे 'अन्डू' असतं, हा आमच्या चिरंजीवांचा सल्ला.)

सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर (१८८२–१९६८) यांचं हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. कित्येक जण ते रविवर्म्याचं तैलचित्र समजतात. पण ते हळदणकरांचं, आणि तेही जलरंगातलं! समोर त्यांची मुलगी गीता उभी होती. बोटांवरचा तो दिव्याचा उजेड बघितला की आपल्याला अजून किती मजल मारायची आहे ते समजतं.

म्हणून पहिला महिना वाड्याला हातच लावला नाही. एकच रंग, बर्न्ट अंबर, आणि नऊ चौकोन: अगदी फिकट ते अगदी गडद. दिसायला पोरखेळ, पण मी तीन आठवडे नापास होत होतो. ओला रंग वाळला की फिका पडतो, त्यामुळे डोळ्याला पटेल त्याहून जरा गडदच लावायचा.

मग सपाट वॉश. फळीखाली एक पुस्तक ठेवून ती किंचित तिरकी करायची. फटकाऱ्याच्या खालच्या कडेला रंगाचं पाणी साचतं. पुढचा फटकारा तेच पाणी खाली ओढत नेतो. शेवटी ब्रश पिळून ते टिपून घ्यायचं. नाहीतर ते अर्धवट वाळलेल्या रंगात मागे शिरतं आणि फुलकोबीसारखा डाग उमटतो. पुण्याच्या मे महिन्यात ब्रश बुडवून परत येईपर्यंत कागद वाळलेला असतो. ब्रॅकनेलच्या नोव्हेंबरात चहा पिऊन आलं तरी ओलाच. साउथ हिल पार्कच्या तळ्याकाठी बसून रंगवताना या दमट हवेला मी पहिल्यांदाच दुवा दिला. कागद मात्र ३०० ग्रॅमचा घ्या. पातळ कागद पाण्यानं पापडासारखा फुगतो, आणि दोष उगाच हाताला लागतो.

वाड्याच्या सहाव्या चित्रात खांब वाकडा आला, पण पट्टा राहिला. व्हिडिओवर आईला दाखवलं. बराच वेळ बघून म्हणाली, "अरे, पायरीवरचा तांब्या कुठाय?"

सातवा कागद फळीवर ताणून ठेवला आहे.