सुडाची मालिका आणि मालखान्याचे दप्तर

अमली पदार्थांचा व्यापार करणारी एक बलाढ्य टोळी, त्या टोळीने ज्याच्या संसाराची राखरांगोळी केली असा एखादा एकाकी मनुष्य, आणि मग दहा-बारा भागांपर्यंत लांबत, हस्तकापासून दलालापर्यंत व दलालापासून म्होरक्याच्या गळ्यापर्यंत पायरीपायरीने चढत जाणारा त्याचा सूड, एवढाच ज्या कथेचा सांगाडा आहे, ती कथा गेल्या दहा वर्षांत नावे आणि मुलूख पालटून इतक्या वेळा आपल्या भेटीस आली आहे की, तिच्या या अखंड लोकप्रियतेची थोडी मीमांसा करणे अप्रस्तुत ठरू नये. नेटफ्लिक्सने २०१५ साली ‘नार्कोस’ प्रदर्शित केली, २०१८ साली तिचीच मेक्सिकोतील शाखा उघडली, आणि तेव्हापासून कोलंबियातील तस्करांची नावे आमच्या डिचोली तालुक्यातील पोरांना शेजारच्या गावातल्या पंचांच्या नावांपेक्षा अधिक पाठ आहेत.

मांडवीच्या काठी, बेताळाच्या राज्यात आणि कच्च्या लोखंडाच्या कारखान्याच्या शेजारी नांदणाऱ्या आमोणे गावाला ही कथा परकी वाटत नाही, याचे कारण कोलंबियात नसून आमच्या जत्रांत आहे. पेडण्यापासून सावंतवाडी-कुडाळपर्यंत ज्याने दशावतार पाहिला आहे, त्याला आठवेल की गणपती, ऋद्धिसिद्धी आणि सरस्वती येऊन गेल्यावर रंगभूमीचा खरा ताबा घेतो तो वेद चोरणारा काळा संकासुर. तो बोलीत बोलतो, टोमणे मारतो, समोर बसलेल्या मानकऱ्यांचीही भीड ठेवत नाही, आणि अखेरीस त्याचा वध करण्यासाठी विष्णू येतो तेव्हा पापाचे पारिपत्य झाल्याच्या समाधानाबरोबरच, आता ही गंमत संपली अशी बारीकशी रुखरुखही प्रेक्षकांत पसरते. आजच्या मालिकाकाराने केले ते इतकेच की, संकासुराच्या वाट्याची घटकाभराची वेळ त्याने दहा तासांची केली. त्याला आई दिली, मुले दिली, रात्रीची झोप उडवणारी भीती दिली. चित्रपटाच्या अडीच तासांत खलपुरुषाशी एवढा घरोबा होणे शक्य नव्हते. भागामागून भाग पाहण्याच्या सोयीने तो शक्य झाला, आणि म्हणूनच या मालिकांत सूड घेणारा नायक कित्येकदा फिका आणि ज्याच्यावर सूड घ्यावयाचा तो तस्कर रसरशीत उतरतो.

सुडाचे आकर्षण मात्र याहून जुने आहे. जेथे राजदरबारी दाद लागत नाही तेथे प्रेक्षक भीमाची वाट पाहतो. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकात १९०७ साली महाराष्ट्राने कीचकाच्या जागी कर्झन पाहिला आणि १९१० साली इंग्रज सरकारने त्या नाटकावर बंदी घातली, ती सरकारला पौराणिक कथा समजत नव्हती म्हणून नव्हे, तर फार चांगली समजली म्हणून. विराटाच्या दरबारात द्रौपदीची फिर्याद ऐकून घेतली गेली असती, तर कीचकवधाचे आख्यानच उरले नसते. तस्करांच्या मालिकेचा पहिला भाग नेमका याच दरबारात घडतो: ठाण्यावरचा अंमलदार विकला गेलेला आहे, न्यायाधीश भेदरलेला आहे, मंत्री भागीदार आहे, आणि नायकाने हाती पिस्तूल घेण्यास प्रेक्षकाची संमती येथेच मिळवली जाते.

आता हा सूड प्रत्यक्षात घेतला गेला तेव्हा काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. पाब्लो एस्कोबार १९९२ सालच्या जुलै महिन्यात स्वतःच बांधवून घेतलेल्या तुरुंगातून निसटल्यावर, १९९३ च्या प्रारंभी ‘लोस पेपेस’, म्हणजे एस्कोबारने छळलेल्यांचा संघ, या नावाची एक गुप्त मंडळी उदयास आली. तिने एस्कोबारच्या मालमत्तेला आगी लावल्या, त्याचे हिशेबनीस आणि वकील टिपून मारले, आणि डिसेंबर १९९३ मध्ये मेदेयीन शहरातील एका घराच्या छपरावर पोलिसांच्या गोळ्यांनी तो पडेपर्यंत त्याला निराधार करून सोडले. ‘नार्कोस’च्या दुसऱ्या पर्वात ही सारी हकिगत आहे, आणि ती पाहताना मन सुखावते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु या पीडितांच्या संघाला पैसा पुरवत होती ती एस्कोबारची प्रतिस्पर्धी काली शहरातील टोळी, आणि या संघाच्या अग्रभागी असलेल्या कास्तान्यो बंधूंनी १९९७ साली निमलष्करी दलांचा जो महासंघ उभारला, त्याने पुढे खेड्यांमागून खेड्यांत कत्तली केल्या आणि कोकेनच्या व्यापारावर आपले पोट भरले. सूड पुरा झाला. कोकेनची एक पुडीही कमी झाली नाही. मालिकेच्या कर्त्यांनाही तिसरे पर्व काली टोळीवर रचणे भाग पडले!

मेक्सिकोतील उदाहरण अधिक बोलके आहे, कारण तेथे सूड घेणारा एकाकी मनुष्य नसून साक्षात अमेरिकेचे सरकार होते. अमली पदार्थविरोधी खात्यातील किकी कामारेना या अधिकाऱ्याचे ७ फेब्रुवारी १९८५ रोजी ग्वादालाहारा शहरातून अपहरण झाले आणि हालहाल करून त्याला मारण्यात आले. या खुनाचा बदला घेण्यासाठी त्याच्या खात्याने जी मोहीम काढली, तिच्यात १९९० साली एका मेक्सिकन डॉक्टरला त्याच्या देशातून पळवून आणण्यापर्यंत मजल गेली. कामारेनाचा छळ लांबावा म्हणून त्याला शुद्धीवर ठेवल्याचा आरोप या डॉक्टरवर होता. पळवून आणलेल्या आरोपीवरही खटला चालू शकतो, असा निर्वाळा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली दिला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पुराव्याअभावी खालच्या न्यायालयाने डॉक्टरला निर्दोष सोडले. मुख्य आरोपींपैकी राफाएल कारो किन्तेरो अठ्ठावीस वर्षे तुरुंगात काढून २०१३ साली सुटला, तो केवळ खटला चुकीच्या न्यायालयात चालला या तांत्रिक मुद्द्यावर. जुलै २०२२ मध्ये तो पुन्हा पकडला गेला त्याच दिवशी हेलिकॉप्टर कोसळून मेक्सिकोच्या नौदलाचे चौदा जवान मेले. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याला अमेरिकेच्या हवाली करण्यात आले, तेव्हा कामारेनाच्या मृत्यूला चाळीस वर्षे झाली होती. एवढी मोठी सत्ता, एवढा पैसा, एवढा क्रोध. आणि सारे अडले ते पुराव्यापाशी आणि अधिकारक्षेत्रापाशी.

गोव्याला हिंदी चित्रपटाने या कथेचे नेपथ्य म्हणून फार पूर्वीच वापरून घेतले आहे. १९८७ सालच्या ‘जलवा’तला पोलीस अधिकारी तस्करांच्या मागावर गोव्यातच येतो, आणि २०११ सालच्या ‘दम मारो दम’मध्येही एक दुःखी पोलीस अधिकारी येथल्या अमली पदार्थांच्या व्यापाराचे निर्दालन करायला निघतो. दुसऱ्या चित्रपटातील एका संवादाने गोमंतकीय स्त्रियांचा अपमान झाला म्हणून प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, आणि तो संताप योग्यच होता. परंतु चित्रपटात दाखवलेला व्यापार खोटा आहे, असे मात्र कोणी छातीठोकपणे म्हटल्याचे मला आठवत नाही. हणजुणे, वागातोरपासून पेडण्यातील मोरजी, मांद्रे, हरमलपर्यंतच्या किनाऱ्यावर काय विकले जाते, हे तेथल्या टॅक्सीवाल्यालाही ठाऊक असते. मात्र आमच्याकडे मेक्सिकोसारखी एकछत्री टोळी नाही. निरनिराळ्या देशांचे आणि प्रांतांचे छोटे छोटे विक्रेते आहेत, आणि पडद्यावरच्या नायकाला सूड घेण्यास सोयीचा असा एक म्होरक्या येथे सापडणे कठीण आहे.

तरीही या कथेची गोव्यात घडलेली एक खरी नायिका आहे, आणि तिने पिस्तूल उचलले नाही. १८ फेब्रुवारी २००८ रोजी हणजुण्याच्या किनाऱ्यावर पंधरा वर्षांच्या एका ब्रिटिश मुलीचा मृतदेह सापडला. बुडून मृत्यू, अशी प्रथम नोंद झाली. मुलीच्या आईने ती मानली नाही. तिने दुसऱ्यांदा शवचिकित्सा करण्यास भाग पाडले, अंगावरच्या जखमा दप्तरी आणविल्या, तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे जावा म्हणून आकाशपाताळ एक केले, आणि स्वतःच्या आईपणावर वर्तमानपत्रांनी उडवलेली राळ सहन केली. सप्टेंबर २०१६ मध्ये बाल न्यायालयाने दोन्ही आरोपींना सोडले. जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्यांपैकी एकास दोषी ठरवून दहा वर्षांची सक्तमजुरी दिली व दुसऱ्याची सुटका कायम ठेवली. अकरा वर्षे, तारखांमागून तारखा, परदेशातून खेपा, आणि अर्धेच फळ. या वृत्तांताची मालिका काढली तर तिच्यात गोळीबार एकही नसेल आणि प्रेक्षक कदाचित तिसऱ्या भागातच झोपी जाईल. परंतु माझ्या मते कास्तान्यो बंधूंच्या साऱ्या सुडापेक्षा तिचा पराक्रम मोठा आहे.

विराटाचा दरबार आपल्याकडे अगदी निर्मळ आहे, असा याचा अर्थ नव्हे. २०१० साली अटाला या टोपणनावाच्या इस्रायली विक्रेत्याच्या पूर्वीच्या मैत्रिणीने चोरून टिपलेली चलच्चित्रे यूट्यूबवर आली, आणि त्यांतून पोलिसांशी असलेल्या लागेबांध्यांचे आरोप उघड्यावर पडले. अमली पदार्थविरोधी पथकातील निरीक्षकासह काही पोलीस निलंबित झाले व त्यांना अटक झाली, मालखान्यातील जप्त मुद्देमालच बाहेर विकला जात असल्याचा आरोप झाला, विधानसभेची सदन समिती नेमली गेली. मुद्देमालाची ही व्यथा एकट्या गोव्याची नाही. २०१६ साली मोहनलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील मालखान्यांच्या दुरवस्थेवर ताशेरे ओढले आणि जप्त मालाचे नमुने दंडाधिकाऱ्यांसमक्ष घेऊन उरलेला माल वेळीच नष्ट करण्याचे आदेश दिले.

कारण १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचे सारे बळ वजनकाट्यावर आणि कागदावर उभे आहे. चरस शंभर ग्रॅमपर्यंत असेल तर ते अल्प प्रमाण, किलोहून अधिक असेल तर व्यापारी प्रमाण. गांजाला हीच मर्यादा एक आणि वीस किलोंची, कोकेनला दोन आणि शंभर ग्रॅमची. व्यापारी प्रमाण सिद्ध झाले की किमान दहा वर्षे सक्तमजुरी, आणि तोवर जामीनही दुष्कर. इतक्या कठोर शिक्षेच्या बदल्यात कायदा पोलिसांकडून तितकीच कठोर शिस्त मागतो: अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्या समक्ष झडती घेण्याचा हक्क आरोपीस सांगावा लागतो, लाखबंद नमुन्यांची साखळी कोठे तुटता कामा नये, पंचांची जबानी पंचनाम्याशी जुळावी लागते. एक सही चुकली, एक मोहोर पुसली, की तस्कर मोकळा. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या फौजदारी प्रक्रियेच्या नव्या संहितेने झडती-जप्तीचे दृश्यमुद्रण सक्तीचे केले आहे, ते योग्यच आहे; पण कॅमेरा साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहून उलटतपासणीस उत्तर देऊ शकत नाही.

तेथे पंच लागतो, आणि तो सहजासहजी मिळत नाही. कामधंदा बुडतो, तारखांना खेपा घालाव्या लागतात, दहशत असते, ही कारणे खरी आहेत. त्यामुळेच पोलीस आपल्या ओळखीचे, पुनःपुन्हा तेच ते पंच आणतात आणि बचावाचा वकील त्यांची अर्ध्या तासात चिंधी करतो. पेडणे-डिचोलीच्या वाचकांस म्हणून एवढीच विनंती आहे की, मालिका खुशाल पाहाव्यात, म्होरक्या मरतो तेव्हा टाळ्याही वाजवाव्यात. मात्र उद्या आपल्या वाड्यावर झडती पडली आणि अंमलदाराने पंच म्हणून या असे म्हटले, तर दार लावून घेऊ नये. जावे, माल आपल्या डोळ्यांदेखत तोलून घ्यावा, पंचनामा वाचावा, आणि लिहिलेले पाहिलेल्याशी जुळत असेल तरच सही करावी.