वारेचा ऊर्जाव्यय

‘तेथे काय त्याची नाळ पुरली आहे?’ हा वाक्प्रयोग मराठीत रूढ आहे. प्रत्यक्षात प्रसूतीनंतर जमिनीत पुरली जाई ती नाळेसह पडलेली वार. भाषेने नाळेस नात्याचे प्रतीक केले. वारेचा उल्लेख मात्र मागे पडला. माता व गर्भ यांच्यामध्ये एक नळी असून तिच्यातून अन्न आपोआप वाहत जाते, अशी जी सामान्य समजूत आढळते, तिला हा वाक्प्रचार पोषकच ठरतो. शरीरक्रियाविज्ञान या समजुतीस दुजोरा देत नाही.

पूर्ण दिवस भरल्यावर वारेचे वजन सुमारे अर्धा किलो असते. तथापि गर्भ व वार मिळून जितका ऑक्सिजन वापरतात, त्यांपैकी सुमारे ४० टक्के एकटी वार खर्च करते. याचे कारण तिच्या कार्यात आहे. अमिनो आम्लांचे प्रमाण मातेच्या रक्तापेक्षा गर्भाच्या रक्तात अधिक असते. म्हणजे ती चढावर वाहून न्यावी लागतात. कॅल्शियमचेही तसेच. शिवाय प्रथिने व संप्रेरके घडविण्याचे काम अखंड चालू असते. या सर्वांस लागणारी ऊर्जा मुख्यतः वारेच्या पेशींतील तंतुकणिका पुरवितात.

तंतुकणिकेस ‘पेशीचे ऊर्जागृह’ हे नाव फिलिप सीकेविट्झ यांच्या १९५७ मधील लेखामुळे रूढ झाले. ठाकुर्ली येथे रेल्वेगाड्यांसाठी १९२९ च्या सुमारास उभारलेले आणि आता बंद पडलेले कोळशाचे वीजगृह डोळ्यांपुढे आणल्यास या उपमेचा अर्थ उलगडतो. अशा वीजगृहात निर्माण झालेल्या विजेचा काही अंश तेथीलच पंप व पंखे चालविण्यात खर्च होतो; उरलेली वीज बाहेर जाते. वारेत हा स्वतःचा खर्च फार मोठा असतो. मात्र उपमेस मर्यादा आहे. वारेतील तंतुकणिका ऊर्जेपुरत्या नाहीत: कोलेस्टेरॉलपासून प्रोजेस्टेरॉन बनण्याची पहिली पायरी त्यांच्यातच घडते, आणि या संप्रेरकावाचून गर्भ टिकत नाही.

पुरवठा घटला तर काय होते? उंच पर्वतीय प्रदेशांतील गर्भवतींच्या अभ्यासावरून असे अनुमान निघते की, वार ऑक्सिजनची काटकसर करते, परंतु त्याऐवजी ग्लुकोज अधिक वापरते. परिणामी गर्भाच्या वाट्यास ग्लुकोज कमी येते. गर्भारपणातील रक्तदाबाच्या विकारात, अर्थात प्रीएक्लाम्प्सियात, वारेचा रक्तपुरवठा बिघडतो. तंतुकणिकांतून ऑक्सिजनचे विघातक मूलक अधिक निसटतात आणि पेशींनाच इजा होते.

महाराष्ट्रास हा विषय दूरचा नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवतींचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. अधिक कष्टाची कामे करणाऱ्या मातांची बालके तुलनेने लहान आढळली. पालेभाज्या व फळे अधिक खाणाऱ्या मातांची मोठी. या अभ्यासाने तंतुकणिका मोजल्या नव्हत्या, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तरीही माता, वार व गर्भ हे एकाच ऊर्जेचे तीन वाटेकरी आहेत, या दृष्टीने पाहता त्या निष्कर्षांची संगती लागते.

सारांश, बालकाचे जन्मवजन मातेने काय खाल्ले एवढ्यावरच ठरत नाही. तिच्या श्रमांत किती खर्ची पडले आणि वारेने किती वापरले, हेही पाहावे लागते. गर्भवतीस अन्नाइतकीच विश्रांती का हवी, याचे उत्तर या हिशेबात आहे.