शेजारचा टायगर आणि आपली परीक्षा

दोस्तांनो, समजा उद्या भूमितीचा पेपर आहे. तुम्ही प्रमेय पाठ करायला बसता आणि नेमका तेव्हाच शेजारच्या गॅलरीतला टायगर सुरू होतो - भो! भो! भो! खिडकी लावली, कानांत बोटं घातली, तरी पठ्ठ्या थांबायचं नाव घेत नाही. हात शिवशिवतात. मारावा का एखादा खडा?

थांबा! हा उद्योग लहानपणी मी करून चुकलोय. तो कुत्रा गप्प बसला? छे! उलट मी जिन्यात दिसलो की दुप्पट भुंकायचा. शिवाय त्याच्या मालकीणबाईंनी माझ्या आईशी बोलणं टाकलं, ते वेगळंच!

मग करायचं काय? आधी गुप्तहेर व्हा. एक वही घ्या आणि आठवडाभर टिपून ठेवा - टायगर कधी भुंकला, किती वेळ आणि तेव्हा काय चाललं होतं. कुत्रा सहसा विनाकारण भुंकत नाही. घरचे कामावर गेले की एकटा पडलेला कुत्रा कंटाळून किंवा घाबरून भुंकतो. पोस्टमन आला की हद्दीत परका शिरला म्हणून भुंकतो. पोस्टमन पत्र टाकून निघून जातो. टायगरला मात्र वाटतं, 'पाहा, मीच पळवलं!' मग पुढच्या वेळी आणखी जोर! आणि आवाजाचं म्हणाल, तर आपल्याला जास्तीत जास्त २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला ४० हजारांच्याही पुढचे. दिवाळीत त्याचं काय होत असेल, विचार करा.

आता वही आणि आईबाबा, दोघांना घेऊन शेजारी जा. "काका, तुमचा कुत्रा फार त्रास देतो" असं म्हणालात, तर काकांचा पारा चढणारच. त्याऐवजी म्हणा, "काका, तुम्ही ऑफिसला गेलात की टायगर अकरा ते एक सारखा भुंकतो. त्याला एकटं वाटत असेल का?" गंमत म्हणजे बऱ्याचदा काकांना हे ठाऊकच नसतं. ते तेव्हा घरी कुठे असतात? मग सकाळी टायगरला जास्त फिरवणं, गॅलरीऐवजी घरात ठेवणं, चघळायला काहीतरी देणं, असे उपाय निघतात.

सोसायटीत कुणी म्हणेल, "कुत्र्यांवर बंदीच घाला!" तसं करता येत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, बहुमतानेही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. पण त्याच सूचना मालकांनाही सांगतात की, कुत्र्याने केलेली घाण तुम्ही उचला. कुत्र्याला मारणं हा तर १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि कुत्र्यापासून लोकांना इजा होऊ नये म्हणून काळजी न घेणं, हाही गुन्हाच. म्हणजे जबाबदारी दोन्हीकडे! बोलून भागलं नाही, तर मोठ्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी कळवावं.

एक गोष्ट मात्र गमतीची नाही. मोकळा कुत्रा अंगावर आला तर पळू नका. हात खाली सोडून, त्याच्या डोळ्यांत न बघता स्तब्ध उभे राहा. चावलाच, किंवा नुसतं खरचटलं, तरी जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि ते सांगतील ती सगळी इंजेक्शनं घ्या. रेबीजची लक्षणं दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. वेळेवर लस घेतली तर मात्र वाचतो. 'आई रागावेल' म्हणून हे लपवू नका. रागावणं पाच मिनिटांचं असतं!

तर मग, खडा खाली टाका आणि वही उघडा. काय सांगावं, परीक्षा संपल्यावर काकाच विचारतील, "काय रे, टायगरला फिरवायला येतोस का?"