मरळीच्या तळ्यात सोबत कोणाची?

वाशिमकडच्या आसेगावसारख्या गावात शेततळ्यात मासे सोडायचे ठरले की एक प्रश्न हमखास निघतो: कटला-रोहूबरोबर थोड्या मरळीही सोडल्या तर? मरळीला भाव चांगला मिळतो. ती हवेतूनही श्वास घेते, त्यामुळे बाजारात जिवंत नेता येते. पण ती पक्की मांसाहारी आहे. एकाच पाण्यात कोण कोणाबरोबर नांदेल, हे तीन गोष्टींवर ठरते: थर, तोंड आणि सोडण्याचा क्रम.

आधी थर पाहू. कटल्याचे तोंड वर वळलेले असते. तो पृष्ठभागाजवळचे प्राणीप्लवंग टिपतो. रोहू मधल्या पाण्यात चरतो, तर मृगळ तळाशी कुजलेला पालापाचोळा आणि गाळातले अन्न खातो. तिघांची ताटे वेगळी, म्हणून भांडण नाही. यांचे रूढ प्रमाण 40:30:30 असे आहे. 30 मीटर लांब-रुंद तळ्याचे क्षेत्र 900 चौरस मीटर होते. हेक्टरी 5000 बोटुकली धरली तर त्यात 450 मावतात: 180 कटला, 135 रोहू, 135 मृगळ. चंदेरा (सिल्व्हर कार्प) वाढवला तर तो कटल्याच्या खाद्यात वाटेकरी होतो. सायप्रिनस मृगळाच्या तळावर येतो, शिवाय मातीच्या तळ्यात बांध उकरतो.

आता तोंड. मरळ भक्ष्य सहसा अख्खे गिळते, त्यामुळे जे तोंडात मावते तेच धोक्यात असते. इथे नुसती लांबी पाहून चालत नाही, अंगाची रुंदीही पाहावी लागते. सारख्या लांबीचा मृगळ कटल्यापेक्षा सडपातळ असतो, म्हणून मरळीला तो लवकर गिळता येतो. मरळी एकमेकींनाही सोडत नाहीत. मोठी लहानीला खाते. म्हणून मरळी वेगळ्या पाळल्या तरी एकाच मापाच्या घ्याव्या लागतात आणि वाढतील तशा अधूनमधून मापानुसार निवडून वेगळ्या कराव्या लागतात.

तिसरा मुद्दा क्रमाचा. जुन्या मातीच्या तळ्यात आधीच मरळ, शिंगाळा दडलेले असतात. तळे पूर्ण आटवता येत नसेल तर दर 1000 लिटर पाण्याला सुमारे 250 ग्रॅम मोहाची पेंड टाकतात. तिच्यातल्या सॅपोनिनने हे मासे मरतात. त्यानंतर साधारण तीन आठवडे थांबून, पेंडीचा विषारी असर ओसरल्यावरच बीज सोडायचे. आधी कार्प सोडून ते चांगले वाढू द्यावेत. मरळ सोडायचीच असेल तर नंतर, मोजकी आणि त्यांच्याहून लहान. खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय ठेवणारेही हाच नियम पाळतात. तापट ट्रिगरफिश आधी सोडला तर तो अख्खी टाकी आपली मानतो, म्हणून त्याला शेवटी आणतात. लायनफिशजवळ त्याच्या तोंडात मावेल असा मासा ठेवत नाहीत.

मग मरळ उपयोगी कुठे? नाल्याच्या पाण्याबरोबर बारीक निरुपयोगी मासे तळ्यात शिरतात, किंवा तिलापिया भराभर पिल्ले काढतो, तिथे. ही गर्दी मरळ खाऊन आटोक्यात ठेवते. प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या आणि फक्त पावसाच्या पाण्याने भरणाऱ्या तळ्यात असे मासे सहसा येतच नाहीत. तिथे मरळीला खायला तुमची बोटुकलीच उरते. आफ्रिकन मांगूर मात्र कुठल्याच तळ्यात नको. त्याच्या पालनावर देशात बंदी आहे.

वाशिमकडच्या उन्हाळ्यात पाणी झपाट्याने आटते. तेवढेच मासे कमी जागेत कोंडले जातात, प्राणवायू घटतो आणि शिकार सोपी होते. म्हणून मिश्र तळ्यातली मरळ पाणी उतरू लागताच आधी काढावी, कार्प मागाहून. मरळीचेच उत्पन्न हवे असेल, तर तिच्यासाठी वेगळे तळे करावे आणि काठाभोवती जाळी लावावी. पावसात ती उडी मारून किंवा सरपटत बाहेर पडते.