जुनी चिनी भांडी : विकण्याआधी तळ पाहा

कोकणात आणि मुंबईच्या जुन्या मोहल्ल्यांत कितीतरी घरांच्या माळ्यावर आजी-पणजीच्या चिनी मातीच्या रकाब्या, तबके, बरण्या पडून असतात. घर पाडायला निघाले किंवा वाटणी झाली की हा माल भंगारवाल्याला ठोक भावात दिला जातो. चोरबाजारात मटन स्ट्रीटवर तसलाच माल एकेक नग मोजून विकला जातो. तिथल्या दुकानदाराने रकाबी उलटी करून पाहिलेली असते, एवढाच फरक.

आम्ही कपड्याचे व्यापारी. थान हातात आले की आधी त्याची उलटी बाजू पाहतो. या मालाचेही तसेच आहे.

अमेरिकेने १८९० साली जकातीचा कायदा करून आयात मालावर देशाचे नाव लिहिणे सक्तीचे केले. म्हणून तळावर ‘इंग्लंड’ असेल तर माल साधारण १८९१ नंतरचा, आणि ‘मेड इन इंग्लंड’ असेल तर बहुधा विसाव्या शतकातला समजावा. जपानी मालावर १८९१ ते १९२१ ‘निप्पॉन’ लिहीत. पुढे ‘जपान’ आले. ‘ऑक्युपाइड जपान’ असेल तर तो महायुद्धानंतरचा, १९५२ पर्यंतचा. शंकरपाळ्याच्या आकाराचा इंग्रजी छाप १८४२ ते १८८३ मधला. १८८४ पासून त्याजागी नोंदणीचा आकडा आला. मात्र ही तारीख नक्षीच्या नोंदणीची असते. रकाबी त्यानंतर कित्येक वर्षांनी बनलेली असू शकते.

चिनी बादशहांच्या नावाच्या छापाला भुलू नये. पंधराव्या शतकातल्या बादशहाचे नाव पुढच्या कारागिरांनी शेकडो वर्षे लिहिले. ‘निप्पॉन’चे नकली छापही बाजारात आहेत.

छापानंतर अंग पाहावे. पातळ रकाबी दिव्यासमोर धरून मागे बोटांची सावली दिसली तर ती पोर्सिलेन. साध्या मातीच्या भांड्यातून उजेड येत नाही. टवका उडालेल्या जागी माती भुरभुरीत दिसते. मग नक्षी. भिंगाखाली बारीक ठिपके दिसले, किंवा काठाच्या वेलीचा जोड नीट जुळला नाही, तर ती कागदावरून उतरवलेली छपाई. हाताच्या कामात कुंचल्याचा फटकारा कुठे जाड, कुठे बारीक असतो. छपाईचा माल म्हणजे टाकाऊ असे नाही, पण दोहोंचा भाव एक नाही.

भाव खरा पडतो तो बाल गेल्याने. डोळ्यांना न दिसणारी बारीक चीर बोटाच्या टिचकीने कळते : अखंड रकाबी खणखणते, बाल असलेली बद्द वाजते. डागडुजी हुशारीने रंगवलेली असेल तर नकली नोटा ओळखण्याचा जांभळा दिवा अंधारात धरावा. चिकटवलेला आणि वरून रंगवलेला भाग बहुधा वेगळा चमकतो. दिवा प्रत्येक गल्ल्यावर असतो, या कामी कोणी वापरत नाही! विकणाऱ्याने असा ऐब तोंडाने सांगून विकावा. लपवून विकणे शरीयतमध्ये जायज नाही, आणि गिऱ्हाईकही परत येत नाही.

हिरवट झिलईच्या जाड भांड्यांना आपल्याकडे ‘घोरी’ म्हणत. त्यात विष घातले तर भांडे तडकते, असा समज शाही दस्तरखानापर्यंत होता. तडकत काही नाही. उलट जुन्या झिलईत आणि रंगांत शिसे असू शकते, म्हणून लोणचे, लिंबू, सिरका अशा भांड्यांत ठेवू नये.

आखातात नोकरीला असणाऱ्या बंधूंनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू ‘पुरावशेष’ ठरते. ती देशाबाहेर नेता येत नाही, आणि तिचा धंदा करायला परवाना लागतो. म्हणजे ‘निप्पॉन’च्या रकाब्या आता या हिशेबात आल्या. त्याहून नवा नग न्यायचा असेल, तरी तो पुरावशेष नसल्याचा पुरातत्त्व खात्याचा दाखला आधी काढून ठेवावा.