आयबीएस : ताटातला दोषी कसा ओळखाल?

आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) या आतड्याच्या विकारात नीट न शोषल्या जाणाऱ्या काही शर्करा, म्हणजे ‘फॉडमॅप’, आंबून वायू तयार करतात आणि त्रास होतो. त्या हेरणारी ‘लो फॉडमॅप’ आहारपद्धती मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात विकसित झाली.

• वगळा : २ ते ६ आठवडे कांदा, लसूण, गहू, राजमा, दूध, आंबा बंद. भात, गाजर, काकडी, अंडी चालतात.

• तपासा : मग एकेक पदार्थ तीन दिवस, प्रमाण वाढवत खा, त्रासाची नोंद ठेवा.

• ठरवा : जे सोसते ते पुन्हा सुरू करा. कडक पथ्य कायमचे नाही.

फोडणीची युक्ती : लसणातल्या ‘फ्रुक्टन’ या शर्करा पाण्यात विरघळतात, तेलात नाही. पाकळ्या तेलात परतून काढून टाका, स्वाद राहतो.

शौचात रक्त, अकारण घटणारे वजन किंवा झोपेतून उठवणारे जुलाब असतील, तर आधी डॉक्टरांना गाठा.