स्वस्त औषधाला वाली कोण?

सातव्या महिन्यात जन्मलेले मूल जगते, आठव्या महिन्यातले जगत नाही, अशी एक समजूत आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आलेली आहे. वैद्यकशास्त्राचा निर्वाळा नेमका याच्या उलट आहे. गर्भाशयात मिळालेला प्रत्येक जादा आठवडा मुलाच्या पथ्यावरच पडतो. कारण फुप्फुसांची आणि मेंदूची घडण अखेरच्या आठवड्यांपर्यंत चालू असते. सदतीस आठवडे पुरे होण्यापूर्वी झालेला जन्म मुदतपूर्व मानला जातो. २०२० साली जगात असे सुमारे १ कोटी ३४ लाख जन्म झाले आणि त्यांपैकी ३० लाखांच्या आसपास एकट्या भारतात झाले. पाच वर्षांखालील बालकांच्या मृत्यूंच्या कारणांत मुदतपूर्व जन्मातून उद्भवणाऱ्या व्याधींचा क्रमांक पहिला लागतो.

हा विषय डॉक्टरांचा; अर्थशास्त्राच्या अध्यापकाने त्यात का पडावे, असे कोणी विचारील. परंतु या क्षेत्रातील गेल्या पन्नास वर्षांच्या संशोधनाचा इतिहास वाचू लागले की, त्यात औषधांइतकीच बाजारपेठेची कहाणी दिसू लागते. कोणते ज्ञान मातेपर्यंत पोचले आणि कोणते वाटेतच अडकून पडले, याचा निर्णय बहुतांशी किंमत, नफा आणि शासनाचे अग्रक्रम यांनी केलेला आहे.

पहिले उदाहरण न्यूझीलंडचे. ऑकलंडचे प्रसूतितज्ज्ञ ग्रॅहॅम लिगिन्स हे प्रसूतीला सुरुवात कशामुळे होते याचा शोध मेंढ्यांवरील प्रयोगांतून घेत होते. कॉर्टिकोस्टेरॉईड जातीचे औषध दिल्यानंतर मुदतीच्या फार आधी जन्मलेले कोकरू, जगण्याची आशा नसतानाही, श्वास घेत असल्याचे त्यांना आढळले. या औषधाने फुप्फुसे लवकर पक्व होत असली पाहिजेत, असा तर्क त्यांनी केला. बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांच्यासह त्यांनी २८२ मातांवर चाचणी घेतली आणि तिचे निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध केले. औषध न मिळालेल्या मातांच्या मुदतपूर्व बालकांपैकी सुमारे २६ टक्के बालकांना श्वसनाचा गंभीर विकार जडला. औषध मिळालेल्या गटात हे प्रमाण ९ टक्के होते. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण १५ टक्क्यांवरून सुमारे ३ टक्क्यांवर आले.

इतका लखलखीत पुरावा हाती आल्यावर त्याचा अवलंब सर्वत्र तातडीने व्हावयास हवा होता. तो झाला नाही. १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची परिषद भरवली, तेव्हा त्या संपन्न देशातही अशा मातांपैकी जेमतेम १२ ते १८ टक्के मातांनाच हे औषध मिळत होते. मधल्या काळात पाठोपाठ चाचण्या झाल्या. त्यांचा एकत्रित आलेख पुढे कॉक्रेन या संशोधन-परीक्षण संस्थेचे बोधचिन्ह बनला. हाताशी असलेला पुरावा न पाहण्याची किंमत बालकांनी प्राण देऊन मोजली, याचे ते चिन्ह म्हणजे स्मारकच आहे.

विलंबाची कारणे अनेक होती. मातेला जंतुसंसर्ग होईल ही डॉक्टरांची भीती त्यांपैकी एक. परंतु या औषधाला विक्रेता नव्हता, ही गोष्टही दुर्लक्षिण्याजोगी नाही. जुन्या, स्वस्त, कोणाचीही मक्तेदारी नसलेल्या औषधासाठी दवाखान्याचे उंबरठे झिजवणारा प्रतिनिधी कोण पाठवणार?

याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवले म्हणजे चित्र पुरे होते. आधी एकदा मुदतपूर्व प्रसूती झालेल्या स्त्रियांसाठी प्रोजेस्टेरॉन जातीचे एक जुने इंजेक्शन उपयुक्त ठरते, असे २००३ मधील एका अमेरिकन चाचणीत दिसले. औषधविक्रेते ते दहा-वीस डॉलरांत तयार करून देत. २०११ मध्ये एका कंपनीला त्याची अधिकृत मान्यता आणि विक्रीचे विशेष हक्क मिळाले आणि एका इंजेक्शनची किंमत १,५०० डॉलर जाहीर झाली. गदारोळ झाल्यावर ती उतरवण्यात आली, तरी पूर्वीच्या किमतीच्या जवळपासही आली नाही. पुढे १,७०० स्त्रियांवरील मोठ्या चाचणीत या औषधाचा काहीच लाभ आढळला नाही. हा निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मान्यता रद्द व्हावयास एप्रिल २०२३ उजाडावे लागले. गुणकारी पण स्वस्त औषध वीस वर्षे रखडले आणि निरुपयोगी पण महाग औषध बारा वर्षे खपले!

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, स्वस्त औषध सरकारने गावोगाव वाटून टाकावे म्हणजे काम झाले. संशोधनाने या भाबड्या आशेलाही चाप लावला आहे. सहा देशांच्या ग्रामीण भागांत, सुमारे एक लाख मातांना सामावून घेऊन, अशी एक चाचणी झाली; तिच्या क्षेत्रांत आपले नागपूर आणि शेजारचे बेळगाव हीही होती. तिचे निष्कर्ष २०१५ च्या सुमारास हाती आले, तेव्हा तज्ज्ञही चकित झाले. ज्या भागांत स्टेरॉईडचा वापर वाढवला तेथे नवजात मृत्यूंचे प्रमाण घटण्याऐवजी किंचित वाढले : दर हजारी सुमारे २४ ऐवजी २७. मातांमधील जंतुसंसर्गाच्या शंकाही वाढल्या. गर्भाचे नेमके वय ठाऊक नसताना इंजेक्शन दिले गेल्याने ज्यांना त्याची गरज नव्हती अशाच पुष्कळ मातांना ते मिळाले होते.

त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील २९ रुग्णालयांत वेगळी चाचणी घेतली. सोनोग्राफीने गर्भाचे वय ठरवले होते आणि मुलाची काळजी घेण्याची किमान सोय जागेवर होती. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत नवजात मृत्यूंचे प्रमाण २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले. म्हणजे दर पंचवीस मातांमागे एक बालक वाचले. मातांमधील जंतुसंसर्ग वाढला नाही.

अर्थशास्त्रात पूरक वस्तू नावाची एक कल्पना आहे. दौत, टाक आणि शाई यांपैकी एकच वस्तू कितीही स्वस्तात मिळाली तरी तेवढ्याने अक्षर उमटत नाही. या इंजेक्शनचे तसेच आहे. त्याची खरी किंमत कुपीवर छापलेली नसते. ती वेळेवर झालेली गर्भनोंदणी, विश्वासार्ह सोनोग्राफी, जागी असलेली परिचारिका आणि चालू असलेला प्राणवायू यांत दडलेली असते.

हाच धडा इतर शोधांतूनही मिळतो. पहिलटकरणींना गर्भारपणाच्या सुरुवातीपासून अल्प मात्रेत ॲस्पिरिन दिल्यास मुदतपूर्व प्रसूतीचे प्रमाण १३.१ वरून ११.६ टक्क्यांवर येते, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे १२,००० स्त्रियांवरील चाचणीत दिसले. नागपूर आणि बेळगाव याही चाचणीत होते. गोळी कवडीमोलाची, पण ती चौदाव्या आठवड्यापूर्वी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू व्हावयास हवी. जी स्त्री पाचव्या महिन्यात पहिल्यांदा केंद्राची पायरी चढते, तिच्या दृष्टीने तो शोध लागलाच नाही असे म्हणावे लागेल. तसेच, कमी वजनाच्या बालकाला जन्मल्याबरोबर आईच्या उघड्या छातीशी बिलगून ठेवल्यास मृत्यूंचे प्रमाण १५.७ वरून १२ टक्क्यांवर येते, हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतासह पाच देशांतील चाचणीत सिद्ध झाले. या उपचाराला औषध लागतच नाही. लागते ती नवजात विभागात आईसाठी एक खाट. आणि नेमकी तीच आपल्या रुग्णालयांच्या आराखड्यात नसते.

यासाठी पैसा कोठून आणायचा, हा आक्षेप ठरलेला आहे. त्याला उत्तर असे की, खर्च आपण आजही करतोच, पण तो शेवटी करतो. काचपेटीतील बालकाच्या प्रत्येक दिवसाचे बिल होते आणि ते भागवताना कित्येक कुटुंबे कर्जबाजारी होतात. जी मुदतपूर्व प्रसूती टळली तिचे बिल मात्र कोणालाच पाठवता येत नाही. म्हणून ती टाळण्यात बाजाराला स्वारस्य नसते. जेथे लाभ सर्वांचा आणि नफा कोणाचाच नाही, तेथे शासनाने उतरले पाहिजे, हे तर अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकवले जाते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील सुमारे ८९ टक्के प्रसूती आता दवाखान्यांत होतात. माता दारापर्यंत आली आहे. आत तिला काय मिळते, हा यापुढचा प्रश्न आहे. पहिल्या तीन महिन्यांत नोंदणी आणि गर्भाच्या वयाची लेखी नोंद, तालुक्याच्या रुग्णालयात सोनोग्राफी, परिचारिकांच्या रिक्त जागांची भरती आणि बाळाशेजारी आईची खाट, या चार गोष्टींसाठी कोणत्याही नव्या शोधाची वाट पाहावयास नको. अंदाजपत्रकावर चर्चा करताना आपल्या लोकप्रतिनिधींनी यांपैकी किती गोष्टींसाठी तरतूद मागितली, हे मतदारांनी, आणि विशेषतः सुशिक्षितांनी, त्यांना विचारावयास हवे. स्वस्त औषधाला बाजारात वाली मिळणार नाही. तो आपणच व्हावे लागेल.